प्रार्थनेतला आनंद टिकतो कसा? टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंची साक्ष

 

आजचा विषय वरवर पाहता सोपा आहे. ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेतून कायमचा आनंद मिळतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रविवारच्या उपासनेत ऐकतो, साक्षीच्या सभेत ऐकतो, घरच्या भजनात गातो. मग यात समीक्षा ती कसली करायची? आमचं म्हणणं असं की समीक्षेची गरज इथेच आहे. हे वाक्य नीट तपासून न घेता वापरलं, तर ते माणसांना जखमी करतं. एखादी बाई वर्षानुवर्षं प्रार्थना करते आहे आणि तिच्या मनावरचं मळभ जात नाही. तिला कुणीतरी सांगतं, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय. खरी प्रार्थना केली असती तर आनंद आला असता." म्हणजे आधीच दुःख होतं, आता त्यावर अपराधाचं ओझंही आलं. आनंद हे देवाचं दान न राहता तो परीक्षेचा विषय झाला आणि ती बाई नापास झाली.

तेव्हा आज तीन ठिकाणी जाऊन पाहू. आधी नव्या करारातलं एक पत्र, मग रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे प्रार्थनेचे अभंग, आणि शेवटी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. प्रश्न एकच: टिकणारा आनंद म्हणजे नेमकं काय, आणि प्रार्थनेशी त्याचं नातं कोणतं?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपल्याकडे सुख आहे, हर्ष आहे, समाधान आहे आणि आनंद आहे. सुख बहुधा परिस्थितीवर अवलंबून असतं. पाऊस वेळेवर आला, पोराला नोकरी लागली, दुखणं बरं झालं, की सुख. हर्ष हा क्षणाचा असतो, उसळतो आणि ओसरतो. समाधानात अपेक्षा थोडी आवरून घेतलेली असते. आनंद या तिन्हींपेक्षा वेगळा, कारण तो कुणाच्या तरी सहवासाचा असतो. आई घरात आहे एवढं कळलं की आजारी मूल शांत झोपतं. ताप उतरलेला नसतो, तरी झोपतं. ख्रिस्ती परंपरा ज्याला टिकाऊ आनंद म्हणते तो या जातीचा आहे. ताप उतरण्याशी त्याची गाठ घातली की घोटाळा सुरू होतो.

आता पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घ्या. अवघे चार अध्याय. आनंदाचं पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि त्यातली आनंद करण्याची आज्ञा आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरसुद्धा छापलेली असते. पण दिनदर्शिकेवर एक ओळ येते, आजूबाजूचं पत्र येत नाही. ते आजूबाजूचं पत्र काय सांगतं बघा.

पहिली गोष्ट, लिहिणारा माणूस बेड्यांत आहे. सुटका होईल की मृत्यू येईल हे त्याला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट, दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या आजारपणाबद्दल लिहितो. हा सोबती मरता मरता वाचला. आणि पौल कबूल करतो की तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं. नीट ऐका. आनंद करा म्हणणारा माणूस असं लिहीत नाही की तो गेला असता तरी मला काही वाटलं नसतं. तिसऱ्या अध्यायात तर आपण रडत हे लिहितो आहोत, असं तो स्पष्ट सांगतो. म्हणजे आनंदाच्या या पत्राच्या मधोमध अश्रू आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. चौथ्या अध्यायात आनंदाची ती प्रसिद्ध आज्ञा येण्याच्या जरा आधी पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघी मंडळीत राबलेल्या, आणि दोघींचं आपसांत पटेनासं झालेलं. त्यांनी एकचित्त व्हावं म्हणून तो विनंती करतो आणि एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो. त्यानंतर आनंदाची गोष्ट येते, आणि तीही अनेकवचनात, साऱ्या मंडळीला उद्देशून. म्हणजे हा आनंद कुणा एकट्याने देव्हाऱ्यात बसून मिळवायचा नाही. भांडण झालेल्या घरात तो मिळवायचा आहे.

मग प्रार्थनेचं काय? तिथे पौल सांगतो की कशाचीही चिंता न करता, आभार मानून, आपल्या मागण्या देवाला कळवाव्या. पुढे तो काय आश्वासन देतो, हे काटेकोरपणे वाचा. मागितलेलं मिळेल असं तो त्या ठिकाणी म्हणत नाही. तो म्हणतो, देवाची शांती तुमच्या अंतःकरणाचं रक्षण करील. मूळ ग्रीक शब्द पहाऱ्याचा, लष्करी आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांची वस्ती होती. तिथल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे वेशीवरचा पहारेकरीच आला असणार. शत्रू बाहेर आहेच, पण वेशीवर कुणीतरी जागं आहे. आणि शेवटी तो सांगतो की कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो. शिकलो म्हणजे ते जन्मजात नव्हतं आणि एका रात्रीत आलं नाही. शिकायला वेळ लागतो, चुका होतात, पुन्हा गिरवावं लागतं.

इथे स्तोत्रसंहितेचीही आठवण ठेवली पाहिजे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र देवाला किती काळ, किती काळ असं पुन्हा पुन्हा विचारत सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. पण अठ्ठ्याऐंशीवं पोचत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते गाळलं नाही, आणि त्याला गोड शेवटही जोडला नाही. उजेड न सापडलेली प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच आहे, हा त्यांचा निवाडा आपण गंभीरपणे घ्यायला हवा. खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत तेच मागणं तीनदा मागितलं. प्याला टळला नाही.

आता महाराष्ट्रात येऊ.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातला. चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा व्यासंग, हाडाचा कवी. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलं नाही. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी वाचकाला टिळक मुख्यतः ठाऊक आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून, शाळेच्या पुस्तकातून. वाटणी अशी झाली की साहित्यवाल्यांनी टिळकांची फुलं घेतली आणि मंडळीने त्यांची भजनं घेतली. एका बाजूने त्यांची प्रार्थनाकविता धार्मिक म्हणून वाचली नाही, दुसऱ्या बाजूने ती फक्त गायली. दोन्हीकडे ती तपासायची राहिली.

टिळकांनी नेमकं काय केलं? मराठी मंडळ्यांत त्या काळी इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर गायली जात. कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीची वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा रस्ता केला. अभंग, ओवी, पद, कीर्तन, हे सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भावना होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

यात निव्वळ चालीचा बदल झाला असं समजू नका. अभंगाबरोबर प्रार्थनेची एक अख्खी रीत आली. वारकरी परंपरेत भक्त देवाशी एकेरीत बोलतो. रुसतो, भांडतो, दारात धरणं धरून बसतो. देव राजा आहे, पण त्याआधी माउली आहे. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू म्हटलं, सखा म्हटलं. भाषांतरित गीतात प्रार्थना पुष्कळदा अर्जासारखी वाटते, विनम्र आणि अंतर राखून केलेली. टिळकांच्या अभंगात ती लेकराच्या हाकेसारखी होते. आपण मघाशी आनंदाला सहवासाचा म्हटलं ना? मराठी ख्रिस्ती माणसाला हा सहवास स्वतःच्या भाषेत बोलता आला, हे टिळकांचं देणं आहे. आणि हे देणं फार मोठं आहे. ज्याला आईच्या भाषेत हाक मारता येत नाही, त्याला आईजवळ असल्याचा आनंद कसा कळणार?

शिवाय अभंग हा पुन्हा पुन्हा म्हणायचा प्रकार आहे. एकच पद टाळावर दहादा फिरतं. घाईच्या माणसाला ही पुनरुक्ती वाटते, पण शिकणं असंच होतं. पौल जे शिकलो म्हणतो, त्याची मराठी पाठशाळा म्हणजे भजन. मन हजर नसलं तरी ओठ हजर असतात, आणि कधीतरी मन ओठांच्या मागोमाग येतं.

मग उणीव कुठे आहे? आमच्या वाचनात दोन ठिकाणी. एक म्हणजे टिळकांच्या अनेक प्रार्थनापर अभंगांत अश्रू फार लवकर पुसले जातात. तळमळ आहे, ती खरीही आहे, पण चरण संपता संपता भेट होऊन जाते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारखा अंधारात थांबलेला अभंग त्यांच्याकडे शोधावा लागतो. गाणारी मंडळी त्यामुळे नकळत असं शिकते की प्रत्येक प्रार्थनेचा शेवट प्रकाशात व्हायलाच हवा. दुसरी उणीव अशी की या अभंगांत भक्त आणि ख्रिस्त दोघेच असतात. घर नसतं. चूल नसते. भक्त ख्रिस्तात बुडालेला असताना दारात आलेल्या वाण्याला कोण तोंड देतंय, ते दिसत नाही.

ते कोण तोंड देत होतं, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे. कारण तिने ते लिहून ठेवलं.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठीतलं एक उत्कृष्ट आत्मचरित्र म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. आम्हांला ते प्रार्थनेच्या आनंदाची सर्वांत कडक परीक्षा घेणारं पुस्तक वाटतं, आणि गंमत म्हणजे ते हसत हसत ही परीक्षा घेतं.

विचार करा. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्याला आनंद झाला असेल. त्याच दिवशी बायकोचं जग मोडलं. लहान मुलगा पदरात. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली ही बाई कित्येक वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिली. पुढे ती परत आली तीसुद्धा आपलं सोवळं घेऊन, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. मग हळूहळू माणसामाणसांतला उच्चनीचपणा देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे तिचं तिला उमगलं. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या अभंगाने ती बदलली असं सांगता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. तिने तसं सांगितलेलं नाही. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगाने ती आली.

आणि आल्यावरही तिने टिळकांचा संत केला नाही. त्यांचं प्रेम ती सांगते, त्यांचा रागही सांगते. घरातलं उचलून देऊन टाकण्याची त्यांची सवय सांगते, कुणाला न सांगता निघून जाण्याची तऱ्हा सांगते. जिथे टिळक आनंदाने देऊन मोकळे होत, तिथे उद्याच्या जेवणाची काळजी तिच्या वाट्याला येई. १९१७ च्या सुमारास टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्याशाची वाट धरली. देवाच्या दरबाराची त्यांची कल्पना भव्य होती. मिशनच्या चौकटीत न मावणारं, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचं ते एक कुटुंब व्हायचं होतं. पण संन्याशाच्या घरीसुद्धा दिवा लावायला तेल लागतं.

इथे आम्ही एक प्रश्न सरळ विचारतो. एकाच्या प्रार्थनेच्या आनंदाचा खर्च दुसऱ्याने सोसायचा असेल, तर त्या आनंदाला काय म्हणायचं? टिळकांच्या भक्तीवर आम्ही शंका घेत नाही. पण फिलिप्पैकरांस पत्राची कसोटी लावली तर असं म्हणावं लागतं की आनंदाची आज्ञा अनेकवचनात आहे. घरातल्या एकाचाच आनंद वाढत गेला आणि दुसऱ्याची चिंता वाढत गेली, तर प्रार्थनेचं वर्तुळ अजून पुरं व्हायचं आहे.

ते वर्तुळ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, असं आमचं मत आहे. मे १९१९ मध्ये टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभलं होतं, पण त्यातले थोडेच अध्याय हातून झाले होते. उरलेलं प्रचंड काम लक्ष्मीबाईंनी उचललं. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली, आता विधवा, संसाराची घडी पुन्हा बसवायची. तरी ओवीमागून ओवी लिहून तिने ते काव्य पूर्ण केलं. तिच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ते प्रकाशित झालं. ज्या माणसामुळे रडली, ज्याच्याबद्दल रोखठोक लिहिलं, त्याच्याच अर्धवट प्रार्थनेला तिने स्वतःचा आवाज दिला. तिच्या गद्यात जागोजागी फुटणारं हसू दुःख नाकारत नाही. दुःखाला घरात जागा देऊनही माणूस हसू शकतो, एवढंच ते दाखवतं. टिकाऊ आनंदाचा पुरावा मागाल तर आम्ही हे हसू पुढे करू.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली. तासन्‌तास प्रार्थना, पापकबुली, रडणं आणि मग उसळणारा आनंद. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या मुली होत्या त्या. त्यांच्या रडण्याला आणि आनंदाला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण अशी जागृती पुरासारखी असते, ती ओसरते. मुक्तीत ओसरल्यावर काय राहिलं? शेती राहिली, छापखाना राहिला, आणि रमाबाईंचं बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचं काम राहिलं. हे काम त्या १९२२ मध्ये मरेपर्यंत करत होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. ज्या प्रार्थनेतून उद्या सकाळचं काम करण्याचं बळ येतं, ती प्रार्थना आनंदाचीच आहे, मग त्या सकाळी मन प्रसन्न असो वा नसो.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण मग साध्या माणसाने करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो, याच वाचनातून निघणाऱ्या.

एक, प्रार्थनेत तक्रारीला जागा ठेवा. घरच्या उपासनेत आभाराची स्तोत्रं वाचता तशी महिन्यातून एकदा विलापाची वाचा, आणि त्यानंतर लगेच उपदेश करू नका. दोन, आपल्या प्रार्थनेचा खर्च घरात कोण सोसतं ते पाहा. सभेला जाताना मागे भांडी कुणी घासली, हाही प्रार्थनेचाच प्रश्न आहे. तीन, ज्याच्या मनावरचं मळभ आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप उडाली आहे, जगणं नकोसं झालं आहे, त्याला विश्वास वाढवा असं सांगू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा, आणि वाटेत त्याच्यासाठी प्रार्थना करा. मुलाच्या तापाला औषध दिलं म्हणून आईच्या जवळ असण्याचं मोल कमी होत नाही.

सुरुवातीला ज्या बाईचा उल्लेख केला, तिला आपण काय सांगणार, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न होता. आम्ही तिला सांगू की तुमची प्रार्थना कमी पडलेली नाही. ती अजून चालू आहे, हीच मोठी गोष्ट आहे. वेशीवरचा पहारेकरी तुम्हांला दिसत नसेल, रात्रीचा तो दिसतही नाही. तोवर तुमच्या वतीने चार अभंग आम्ही म्हणू, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. मंडळी असते ती यासाठीच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि मतभेद असतील तर आधी ते ऐकू.